बस आणि जमीन : एकाच प्रश्नाच्या दोन बाजू

नगररचनाकार चार्ल्स कोरिया यांनी साठ वर्षांपूर्वी मुंबईसाठी मांडलेला विचार गोव्याच्या आजच्या वाहतूक प्रश्नाला कसा लागू पडतो, याचा हा परामर्श.

गोव्यातील कोणत्याही दिवसाचे वर्तमानपत्र उघडले, तरी त्यात चार प्रकारच्या बातम्या हमखास सापडतात. महामार्गावरील अपघात ही पहिली. एखाद्या गावात सायंकाळनंतर बस येत नाही म्हणून विद्यार्थ्यांची आणि कामगारांची होणारी परवड ही दुसरी. डोंगरउतारावरील किंवा पठारावरील जमिनीचे रूपांतर आणि त्याला ग्रामसभेत झालेला विरोध ही तिसरी. नव्या पुलाची किंवा रस्त्याच्या रुंदीकरणाची घोषणा ही चौथी. या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. त्यांना उत्तरे देणारी खातीही वेगवेगळी असतात. वाहतूक खाते अपघाताविषयी बोलते, कदंब महामंडळ बसविषयी, नगरनियोजन खाते जमिनीविषयी आणि सार्वजनिक बांधकाम खाते पुलाविषयी. साहजिकच वाचकही त्या सुट्या सुट्या वाचतो आणि चारही प्रश्न स्वतंत्र आहेत असे समजून चालतो.

नगररचनेच्या शास्त्राला ही विभागणी मान्य नाही. घर कुठे बांधले जाते, यावरून त्या घरातील माणूस कामावर कसा जाणार हे ठरते. तो कसा जाणार, यावरून रस्त्यावर किती वाहने येणार हे ठरते. आणि रस्त्यावर किती वाहने येतात, यावरून पुढचा पूल केव्हा लागणार हे ठरते. म्हणजे चौथ्या बातमीचे मूळ तिसऱ्या बातमीत असते. ही साखळी भारतात ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे मांडली, त्यांत मूळ गोमंतकीय घराण्यातील वास्तुविशारद आणि नगररचनाकार चार्ल्स कोरिया यांचे नाव अग्रभागी आहे. पणजीच्या कांपाल भागातील कला अकादमीची वास्तू त्यांचीच. गोवेकर त्यांना प्रामुख्याने त्या वास्तूमुळे ओळखतात. तथापि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग इमारतींइतकाच शहरांचा विचार करण्यात गेला, आणि त्या विचारात बसला मध्यवर्ती स्थान होते.

एका आराखड्याची कथा

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांची सुरुवातीची गाजलेली वास्तू. पुढे १९७२ मध्ये पद्मश्री आणि २००६ मध्ये पद्मविभूषण या किताबांनी त्यांचा गौरव झाला. १६ जून २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबई महापालिकेने १९६४ मध्ये शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. दक्षिणेकडे कार्यालये आणि उत्तरेकडे घरे, ही शहराची जुनी रचना त्यात कायम होती. सकाळी सारे शहर दक्षिणेकडे धावणार आणि सायंकाळी उत्तरेकडे परतणार. लोकसंख्या वाढत जाईल तसा हा ओघ असह्य होणार, हे उघड होते. कोरिया, स्थापत्य अभियंता शिरीष पटेल आणि वास्तुविशारद प्रवीणा मेहता या तिघांनी त्यावर पर्याय मांडला. खाडीच्या पलीकडील भूभागावर नवे शहर वसवावे, सरकारी कार्यालये तिकडे न्यावीत आणि एकाच केंद्राकडे धावणाऱ्या शहराला अनेक केंद्रे द्यावीत, अशी ती कल्पना होती. ‘मार्ग’ या नियतकालिकाने १९६५ मध्ये तिला जागा दिली. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, सिडकोची स्थापना झाली आणि सुरुवातीच्या काळात कोरिया तेथे मुख्य वास्तुविशारद होते. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि २० लाख लोकसंख्येचे उद्दिष्ट, असा त्या प्रयोगाचा आवाका होता.

नवी मुंबईच्या या रचनेमागे वाहतुकीचा एक सोपा सिद्धान्त होता. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द न्यू लँडस्केप’ या पुस्तकात कोरिया यांनी दळणवळणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सार्वजनिक वाहतूक रेषेत चालते. म्हणून तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांची वस्तीही रेषेत असली पाहिजे, हे त्यांच्या मांडणीचे सार. बसमार्ग हा दोरा आणि त्यावर चालत जाता येईल अशा अंतरावर ओवलेल्या वस्त्या हे मणी. आरंभी बस चालवावी, वस्ती वाढली की त्याच मार्गावर अधिक क्षमतेचे साधन आणावे. शहर वाढत जाते, दोरा मात्र तोच राहतो.

बसला माणसे का लागतात?

हा सिद्धान्त समजून घेण्यासाठी थोडे अंकगणित पुरेसे आहे. थांब्यापर्यंत माणूस साधारणतः पाच ते सात मिनिटे चालायला तयार असतो. हे अंतर सुमारे ५०० मीटर होते. एका थांब्याभोवती ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात सुमारे ७८ हेक्टर जमीन येते. या जमिनीवर हेक्टरी २० माणसे राहत असतील, तर थांब्याच्या टप्प्यात साधारण १,६०० लोक असतील. हेक्टरी १०० माणसे राहत असतील, तर हाच आकडा ७,८०० होतो. दहातील एकाने बस धरली असे मानले, तर पहिल्या थांब्यावर दिवसाला १६० प्रवासी मिळतात आणि दुसऱ्यावर ७८०. रस्ता तोच, डिझेलचा खर्च तोच आणि चालक-वाहकांचे वेतनही तेच. तरीही पहिला मार्ग तोट्यात जातो आणि दुसरा आपला खर्च भागवतो.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. मार्ग तोट्यात गेला की फेऱ्या कमी केल्या जातात. दर १५ मिनिटांनी बस असेल, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी सात-आठ मिनिटे थांबावे लागते. दर तासाने बस असेल, तर अर्धा तास. दहा किलोमीटरच्या प्रवासासाठी अर्धा तास नुसते उभे राहणे कोणाला परवडेल? जो दुचाकी घेऊ शकतो तो ती घेतो. प्रवासी आणखी घटतात, फेऱ्या आणखी कमी होतात, आणि शेवटी सायंकाळची बस बंद होते. मग थांब्यावर कोण उरते? परवाना नसलेला विद्यार्थी, वाहन न चालवणारी वृद्ध स्त्री, हॉटेलात रात्रपाळी करणारा कामगार आणि दुचाकीचा हप्ता न झेपणारे कुटुंब. बससेवा कोसळते तेव्हा समाजातील सर्वांत कमी आवाज असलेली माणसे अडकून पडतात. म्हणूनच तिच्या ऱ्हासाविरुद्ध फारसा गलबला होत नाही.

दाट वस्ती म्हटले की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात आणि गोव्यात त्या शब्दाला लागलीच विरोध होतो. कोरिया यांचे म्हणणे याहून वेगळे होते. बेलापूर येथे १९८० च्या दशकात त्यांनी उभारलेली वसाहत, जी ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणून ओळखली जाते, या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लहानशा सामाईक अंगणाभोवती सात घरे, अशा तीन गटांचा मिळून एक मोठा गट, अशी तिची रचना. घरे उतरत्या छपरांची आणि बैठी किंवा फार तर दुमजली. प्रत्येकाला स्वतःच्या मालकीची जमीन, पुढे घर वाढवण्याची मुभा. तरीही या वसाहतीची घनता हेक्टरी सुमारे ५०० माणसे एवढी योजली होती. मनोरे न उभारताही बसला पुरेशी माणसे एकत्र राहू शकतात, हे दाखवून देणारे हे उदाहरण आहे.

याच सुमारास ब्राझीलमधील कुरितिबा शहरात, वास्तुविशारद आणि महापौर जायमे लेर्नर यांनी स्वतंत्रपणे हाच विचार अमलात आणला. तेथे १९७४ मध्ये राखीव मार्गिकेवरून धावणारी जलद बससेवा सुरू झाली. उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्या बसमार्गांच्या दुतर्फा देण्यात आली आणि मार्गापासून दूर जावे तशी बांधकामाची मर्यादा कमी होत गेली. भुयारी रेल्वेचा खर्च न करता एका मध्यम शहराला उत्तम वाहतूक मिळाली, कारण जमिनीचे नियम आणि बसचा मार्ग एकाच कागदावर आखले गेले होते.

नवी मुंबईने काय शिकवले?

कोरिया यांच्या विचाराची परीक्षा नवी मुंबईतच झाली. तिचा निकाल संमिश्र आहे.

ठाणे खाडीवरचा रस्ता-पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. रेल्वे मात्र वाशीला पोहोचायला १९९२ उजाडले. मधल्या दोन दशकांत वस्ती वाढली, पण तिला मुंबईशी जोडणारे विश्वासार्ह साधन नव्हते. ज्या सरकारी कार्यालयांच्या स्थलांतरावर सारी योजना उभी होती, ती राजधानीची कार्यालये मुंबई सोडून गेलीच नाहीत. उलट दक्षिण टोकाला नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव घालून नवी कार्यालये उभी राहिली. ज्या ओघाला फाटा द्यायचा होता, तोच अधिक फुगला. कोरिया यांनी याविषयीची खंत पुढे अनेकदा बोलून दाखवली.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रेल्वे आली तेव्हा तिच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. हा पैसा जमिनीच्या विक्रीतून आला होता. वाहतूक आली की जमिनीची किंमत वाढते. त्या वाढीचा हिस्सा वाहतुकीच्या खर्चासाठी परत घ्यावा, हे मूळ योजनेतील तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले. नंतरच्या काळात स्थानकांभोवती वस्ती आणि व्यापार एकवटला. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांवर गेली होती.

या यशाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्नही टाळता येत नाही. ९५ गावांतील आगरी, कोळी आणि अन्य भूमिपुत्रांच्या जमिनी या शहरासाठी घेण्यात आल्या. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांना देण्याची योजना आली. आराखडा कागदावर कितीही निर्दोष असला, तरी ज्यांची जमीन आहे त्यांना त्यात वाटा नसेल, तर तो अन्यायाचे साधन ठरतो. कोमुनिदादच्या आणि कुळांच्या जमिनींचा गुंता असलेल्या गोव्यात हा धडा अधिकच ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नवी मुंबईचे सरसकट भूसंपादन येथे अनुकरणीय नाही. अनुकरणीय आहे ती वाहतूक आणि वस्ती यांची सांगड.

गोवा : पाच केंद्रांचे शहर

मुंबईत जी बहुकेंद्री रचना मुद्दाम घडवावी लागली, ती गोव्याला इतिहासाने आयती दिली आहे. पणजीत प्रशासन, मडगाव आणि म्हापशात बाजार, वास्कोत बंदर, फोंड्यात उद्योग आणि देवस्थानांचा परिसर. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आणि त्यातील ६२ टक्के नागरी भागात राहणारी. तरीही पणजी महापालिका क्षेत्रात त्या वेळी जेमतेम ४० हजार लोक राहत होते. म्हणजे गोवा नागरी आहे, परंतु त्याचे एकच मोठे शहर नाही. पणजी ते म्हापसा १३ किलोमीटर, पणजी ते मडगाव सुमारे ३३ आणि पणजी ते फोंडा सुमारे ३०. नगररचनेच्या भाषेत सांगायचे, तर हे पाच पेठांचे एकच शहर आहे आणि त्याच्या पेठांमध्ये भातशेती, नद्या व डोंगर आहेत.

अशा रचनेला बस सर्वांत सोयीची असते. पणजी-मडगाव मार्गावरील शटल सेवा हे त्याचे उदाहरण. खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेत उभे राहायचे, आणि बस भरली की ती मध्ये न थांबता निघते. वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. ज्यांच्या दारात वाहन उभे आहे, असेही अनेक नोकरदार या बसने जातात. बस भरवशाची असेल तर गोमंतकीय माणूस तिच्यात बसतो, हे या एका मार्गाने सिद्ध केले आहे.

पारंपरिक गावाची घडणही बसला अनुकूल होती. एका बाजूला खाजन किंवा भातशेती, दुसऱ्या बाजूला डोंगराचा पायथा आणि मधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने वाडे. शेतजमीन आणि पाण्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी पूर्वजांनी घरे अशी एका ओळीत बांधली. कोरिया यांना अभिप्रेत असलेली मण्यांची माळ ती हीच. गेल्या काही दशकांतील बांधकामांनी ही ओळ मोडली. रस्त्यापासून दूर पठारावर, डोंगरउतारावर आणि भाटांमध्ये बंगल्यांचे प्रकल्प उभे राहिले. तेथे बस जाऊ शकत नाही, आणि गेली तरी तिला प्रवासी मिळत नाहीत. अशा प्रत्येक घरामागे एक-दोन मोटारी रस्त्यावर येणे अटळ असते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. देशातील राज्यांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक. सुमारे ८७ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. याकडे समृद्धीचे लक्षण म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती काही अंशी खरीही आहे. मात्र यातील किती वाहने हौसेने घेतली गेली आणि किती केवळ दुसरा पर्याय नाही म्हणून, हा प्रश्न विचारला जात नाही. तीन माणसांच्या घरात तीन दुचाकी असतील, तर त्या घराने सार्वजनिक सेवेच्या अभावी भरलेला तो एक प्रकारचा करच आहे.

चमत्काराची वाट आणि साध्या उपायांची उपेक्षा

गोव्याच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास दोन घटनांत सामावलेला आहे. पहिली घटना १९७८-७९ मधील विद्यार्थी आंदोलनाची. त्या वेळी राज्यातील प्रवासी वाहतूक खासगी बसमालकांच्या हाती होती. प्रवासभाड्यात ५० टक्के सवलतीसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि सवलत मिळवूनच थांबले. त्या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर १९८० मध्ये कदंब वाहतूक महामंडळाची स्थापना झाली. बस ही सामान्य माणसाच्या हक्काची गोष्ट आहे, हे भान त्या पिढीला होते.

दुसरी घटना मडगावातील स्कायबसची. उंच खांबांवरील रुळांना लटकून धावणाऱ्या या वाहनाची चाचणी कोकण रेल्वे महामंडळाने मडगाव येथे घेतली. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीदरम्यान अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला आणि कालांतराने प्रकल्प गुंडाळण्यात आला. खांब मात्र पुढे अनेक वर्षे उभे राहिले. नवे तंत्र अजमावून पाहण्यात गैर काहीच नाही. पण ज्या काळात हे खांब उभे होते, त्या काळात त्यांच्या खालून धावणाऱ्या साध्या बसचे वेळापत्रक किती सुधारले, याचा हिशेब कोणी मागितला नाही. चमत्काराची बातमी होते, वेळेवर आलेल्या बसची होत नाही.

मोठ्या पुलांचेही असेच. मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये आणि झुवारीवरील नव्या पुलाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोन्ही पूल आवश्यक होते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील जुना नेहरू पूल कोसळला, तेव्हा झालेले हाल ज्यांनी सोसले, त्यांना पुलाची महती सांगावी लागत नाही. तथापि केवळ पूल बांधून कोंडी संपत नाही, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. प्रवास सुकर झाला की अधिक लोक वाहने बाहेर काढतात, दूरच्या जमिनींना भाव येतो, तेथे नवी घरे होतात आणि काही वर्षांत कोंडी पुलाच्या टोकाला जाऊन थांबते.

आराखड्याविना वेळापत्रक नाही

बस कुठे न्यायची हे ठरवण्यासाठी माणसे कुठे राहणार आहेत हे आधी माहीत असावे लागते. त्यासाठी प्रादेशिक आराखडा असतो. गोव्यात या शब्दाला संघर्षाचा इतिहास आहे. २००६ मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या तीव्र आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये मागे घेण्यात आला. त्यानंतर ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ साठी कृती दल नेमले गेले. कोरिया आणि ज्येष्ठ नगररचनाकार एडगर रिबेरो यांचा त्या कामात सहभाग होता. आराखड्याचे मसुदे गावोगाव ग्रामसभांपुढे ठेवले गेले. भारतात अशा प्रकारे गावांना विचारून आराखडा करण्याची उदाहरणे थोडी आहेत.

पुढे मात्र नगरनियोजन कायद्यात झालेल्या दुरुस्त्यांनी एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट मोकळी केली. कलम १७(२) आणि त्यानंतर २०२४ मध्ये आलेले कलम ३९अ यांवरून मोठा वाद झाला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम १७(२) खालील नियम रद्द ठरवले. या वादाची चर्चा प्रामुख्याने पर्यावरणाच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला वाहतुकीचेही अंग आहे. एखाद्या भूखंडाचा झोन बदलताना त्या भूखंडापुरता विचार होतो. तेथे राहायला येणारी माणसे कोणत्या रस्त्याने, कोणत्या साधनाने जातील, शाळेची बस तेथवर वळेल का, याचा विचार त्या अर्जात बसत नाही. अशा शेकडो सुट्या निर्णयांची बेरीज म्हणजे दहा वर्षांनंतरची वाहतूक कोंडी. तेव्हा मात्र दोष वाहतूक पोलिसांच्या माथी मारला जातो.

करता येण्याजोगे

कोरिया यांच्या विचारसरणीतून गोव्यासाठी काही व्यवहार्य सूत्रे निघतात. त्यांतील बहुतेकांना मोठा खर्च लागत नाही.

पहिले सूत्र फेऱ्यांचे. पाच शहरांना जोडणाऱ्या मुख्य मार्गांवर सकाळपासून रात्रीपर्यंत ठरावीक अंतराने बस असली पाहिजे आणि शेवटच्या बसची वेळ कामगारांच्या पाळीशी जुळली पाहिजे. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील किंवा किनारपट्टीवरील हॉटेलांतील कामगाराला परतीची हमी नसेल, तर तो सकाळची बसही सोडतो. जाण्याचा निर्णय परतीच्या बसवर अवलंबून असतो, हे नियोजनात अनेकदा विसरले जाते.

दुसरे सूत्र स्पर्धेचे स्वरूप बदलण्याचे. खासगी बसचे उत्पन्न तिकिटांवर अवलंबून असते, तेव्हा दोन बस एकाच प्रवाशासाठी रस्त्यावर शर्यत लावतात आणि प्रवासी नसलेल्या वेळी फेरीच रद्द करतात. खासगी बस कदंब महामंडळाच्या छत्राखाली आणून त्यांना किलोमीटरमागे मोबदला देण्याची ‘म्हजी बस’ योजना या दृष्टीने योग्य दिशेची आहे. मालकाला किलोमीटरचे पैसे मिळाले की रात्रीची रिकामी फेरीही सोडण्यास तो तयार होतो. योजनेचे यश मोबदला वेळेवर मिळण्यावर आणि फेऱ्यांच्या काटेकोर नोंदीवर ठरेल.

तिसरे सूत्र सांध्यांचे. करमळी स्थानक पणजीपासून आणि थिवी स्थानक म्हापशापासून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे. दिवाडी आणि चोडण या बेटांवरील लोक फेरीबोटीने ये-जा करतात. रेल्वे आली, फेरीबोट लागली आणि त्याच वेळी बस निघून गेलेली असेल, तर तिन्ही सेवा असूनही नसल्यासारख्या होतात. शेवटच्या टप्प्यासाठी गोव्याने मोटारसायकल ‘पायलट’ची स्वतःची पद्धत फार पूर्वी शोधली. तिला मोडीत न काढता बसथांब्याशी जोडणे शक्य आहे.

चौथे सूत्र पदपथांचे. प्रत्येक बसप्रवासी आधी पादचारी असतो. पावसाळ्यात थांब्यापर्यंत चिखलातून, गटाराच्या कडेने, अंधारात जावे लागत असेल, तर वातानुकूलित इलेक्ट्रिक बस आणूनही तिच्यात कोणी बसणार नाही.

पाचवे सूत्र सर्वांत कठीण, आणि तेच मुळाशी आहे. नवी वस्ती बसमार्गालगत, जुन्या वाड्यांच्या ओळीला धरून, बैठ्या पण एकमेकांजवळच्या घरांची असावी. पठारे, उतार आणि शेते मोकळी राहावीत. मोठ्या प्रकल्पाला परवानगी देताना सर्वांत जवळचा बसथांबा किती अंतरावर आहे, हा साधा प्रश्न अर्जात समाविष्ट करता येईल. रस्ते आणि सेवा यांमुळे जमिनीच्या भावात जी वाढ होते, तिचा काही हिस्सा त्याच भागातील बससेवेसाठी राखून ठेवता येईल. हे करण्यास नवे तंत्रज्ञान लागत नाही. नगरनियोजन खाते आणि वाहतूक खाते यांनी एकाच नकाशावर काम करण्याची तयारी लागते.

या बाबतीत नागरिकांच्या हातीही काही आहे. ग्रामसभेत रूपांतराच्या प्रस्तावावर चर्चा होते तेव्हा पाणी, वीज आणि कचरा यांविषयी प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांच्या जोडीला बसचा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. येणाऱ्या नव्या घरांमुळे गावातील बसच्या फेऱ्या वाढणार, की रस्त्यावरील मोटारी? या एका प्रश्नाचे उत्तर मागितले, तरी वर्तमानपत्रातील चार सुट्या बातम्यांचा परस्परसंबंध उलगडू लागतो.

राजीव गांधी यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षपद कोरिया यांच्याकडे होते. आयोगाने १९८८ मध्ये अहवाल दिला. त्यातील बहुतांश शिफारशी कागदावरच राहिल्या. योग्य वेळी न ऐकलेला सल्ला पुढे महागात पडतो, हे मुंबईने अनुभवले आहे. गोव्याची स्थिती अद्याप तशी हाताबाहेर गेलेली नाही. अंतरे लहान आहेत, पाच केंद्रे शाबूत आहेत आणि अनेक गावांत वाड्यांची ओळ अजून टिकून आहे. सायंकाळी सातनंतर थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला बस मिळेल की नाही, हे कदंब आगाराइतकेच नगरनियोजन खात्याच्या टेबलावरही ठरत असते. तिच्या गावातील पुढच्या भूखंडाचा अर्ज तेथे येईल तेव्हा हे ध्यानात राहिले, तर बसचा प्रश्न निम्मा सुटलेला असेल.